उजवीकडे कलणारी गाडी

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की मी आधी गाडीकडे बघत नसे, मालकाच्या पोटाकडे बघत असे. गिऱ्हाइकांना हा आगाऊपणा वाटायचा. एकदोघांनी तोंडावर सुनावलंही. पण गाडीच्या खालच्या कामात, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप आणि चाकांचे सांधे यांच्या कामात ज्याने हात काळे केले, त्याला मालकाचं वजन कळल्याशिवाय पाना उचलता येत नाही. शिंपी टेप लावून माप घेतो, आम्हाला ते नुसत्या नजरेने घ्यावं लागतं, एवढाच फरक.

मी मूळचा बदलापूरजवळच्या खरवईचा. घरी भातशेती होती, पण तीत थोरला भाऊ पुरेसा होता. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. नऊ वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी उल्हासनगरात, तीन नंबर कॅम्पात, पत्र्याची शेड भाड्याने घेतली. आमच्या गल्लीत इंजिनवाले मिस्त्री पाच, वायरिंगवाले दोन, खालचं काम करणारा मी एकटा. इंजिन बिघडलं तर गाडी जागची हलत नाही, मालक धावत येतो. खालचं काम बिघडलं तर गाडी चालत राहते, फक्त आतला माणूस हलतो. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईक उशिरा येतं आणि कंबर धरून येतं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि चाकाला वर येऊ देते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी पुढच्या चौकापर्यंत नाचत गेली असती. म्हणून जोडीला शॉकअप असतो. त्याच्या आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून सावकाश जातं आणि स्प्रिंगचं नाचणं थांबतं. लोक दोघांना मिळून ‘जंपिंग’ म्हणतात आणि एकच मागणी करतात, ‘मिस्त्री, जंपिंग टाइट करून द्या.’ टाइट म्हणजे नेमकं काय, हे त्यांना ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही ते नीट ठाऊक नव्हतं, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अंबरनाथच्या कारखान्यातले एक साहेब वहीत आवाज लिहून आणायचे. ‘सोमवार, डावं पुढचं चाक, कुर्र. बुधवार, तेच चाक, कुर्र-टक.’ मी वही वाचायचो, गाडीखाली जायचो आणि सीटखाली घरंगळलेली त्यांच्या मुलाची गोटी काढून द्यायचो. दुसरा एक जीन्सच्या कारखान्याचा मालक, नवाकोरा पैसा आणि नवीकोरी गाडी. गाडी जमिनीला चिकटलेली दिसली पाहिजे म्हणून त्याने कुठून तरी स्प्रिंगांचे वेढेच कापून आणले. गाडी दिसायची झकास, पण शहाडच्या स्पीड ब्रेकरवर अशी टेकली की चारही चाकं बिनकामाची. चार हमालांनी उचलून उतरवली. तो आत बसूनच होता, कारण उतरला असता तर कोण ते लोकांनी ओळखलं असतं.

पण या सगळ्यांत माझ्या हाताला खरं काम शिकवलं ते होतचंद शेठनी.

होतचंद शेठ म्हणजे जीन्सची बटणं आणि चेनी यांचे सिंधी घाऊक व्यापारी. वय साठीच्या आतबाहेर, आवाज मऊ, आणि देह? देह असा की ते गाडीत बसले की गाडी उजवीकडे कलायची. अतिशयोक्ती नाही. आठशे सीसीची ती छोटी गाडी, नाव न घेताही सगळ्यांना कळते ती. शेठ ड्रायव्हरच्या जागी बसत, आणि डावीकडून बघणाऱ्याला गाडीचं पोट दिसायला लागायचं. बाजारातले लोक हसायचे. शेठही हसायचे, पण मला वाटतं त्यांना ते लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत एका सकाळी ते माझ्या शेडमध्ये आले आणि मागच्या सीटवरचं खोकं दाखवून म्हणाले, “साईं, खोलके देखो. माझा मेव्हणा कोबेला असतो, जपानला. त्याने पाठवलंय. म्हणतो, याने गाडी सरळ होईल.”

मी खोकं उघडलं आणि आत हात घालायच्या आधी ते दोनदा फडक्याला पुसले. हसू नका. निळ्या रंगाचे चार संच, नव्या भांड्यांसारखे चकचकीत. शॉकअपच्या अंगावर बारीक आटे पाडलेले, त्या आट्यांवर दोन रिंगा, रिंगांवर स्प्रिंग टेकलेली. म्हणजे वाकड्या तोंडाच्या पान्याने रिंग फिरवली की स्प्रिंग वर-खाली सरकणार! आणि डोक्यावर एक इवलंसं बटण. फिरवलं की टिक, टिक, टिक, मोजून आठ टिका. मागच्या चाकांच्या संचाची घडण थोडी वेगळी होती, पण तत्त्व तेच. प्रत्येक चाक वेगळं लावता येत होतं. आजवर मी स्प्रिंगा बदलल्या होत्या, जोडल्या होत्या, तापवल्या होत्या. पण स्प्रिंग अशी हवी तिथे ‘लावता’ येते हे मी पहिल्यांदा बघत होतो. सोबत माहितीचा कागद होता, तोही सबंध जपानीत. त्यातलं एक गाडीचं चित्र आणि चार बाण एवढंच कळत होतं. या वस्तूला कॉइलओव्हर म्हणतात हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. आमच्या गल्लीत आट्यांना चुडी म्हणतात, म्हणून तिचं नाव दुपारपर्यंत ‘चुडीवाला शॉकअप’ पडलंसुद्धा.

“शेठ, एवढा खटाटोप कशाला?” मी विचारलं. “तुमचा मुलगा दिलीप, ड्रायव्हर ठेवा म्हणतोय ना? तुम्ही मागे मधोमध बसा, गाडी सरळ राहील.”

शेठ स्टुलावर बसले. इकडेतिकडे बघून घेतलं.

“घरात चौदा माणसं, मिस्त्री. खोल्या तीन. मी बायकोशी बोललो तर सून ऐकते. सून गेली तर नातवंडं ऐकतात. रविवारी दुपारी आम्ही दोघं गाडी काढतो. अंबरनाथ, बदलापूर, सीधा वांगणी. तिथे चहा पितो, परत येतो. दोन-अडीच तास. हफ्तेभर जे बोलायचं असतं ते तेवढ्यात बोलतो. ड्रायव्हर ठेवला तर मग तो ऐकणार. समझा क्या?”

समजलो. आमच्याही घरात माणसं कमी नव्हती. मी म्हणालो, “शेठ, संध्याकाळपर्यंत सरळ करून देतो.”

आणि इथे मी चूक केली. अशी चूक की आमच्या धंद्यातला प्रत्येकजण ती एकदा तरी करतो, आणि प्रत्येकजण दुसऱ्याने केली असं सांगतो.

गाडी उजवीकडे कलते, पुढे जास्त कलते. म्हणून मी चारही संच बसवले, आणि पुढच्या उजव्या चाकाची रिंग पान्याने फिरवत फिरवत चांगली चार बोटं वर चढवली. स्प्रिंग दबली, घट्ट झाली, मला वाटलं कडक झाली. डोक्यावरची बटणं चारही बाजूंना आठव्या टिकेवर, म्हणजे सर्वांत कडक. टाइट म्हणजे टाइट! शेठना आत बसवलं, मागे जाऊन बघितलं, तर गाडी पाटासारखी सरळ. शेठ खाली उतरून बघायला निघाले आणि मी ओरडलो, “अहो उतरू नका, उतरलात की परत वाकडी होईल!” सगळी गल्ली हसली. शेठनी मला मिठी मारली. त्या रात्री मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

तिसऱ्या दिवशी शेठ आणि भाभी गाडीतून शहाडकडे चालले होते. शहाळ्यांची हातगाडी आडवी आली. शेठनी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरळ उजवीकडे वळली, समोरून येणाऱ्या टेम्पोच्या तोंडावर. टेम्पोवाला हुशार होता, त्याने अंगावर घेतली नाही. एक दिवा फुटला. भाभींच्या कपाळाला टेंगूळ आलं. मोहिनीभाभी म्हणजे शेठच्या पत्नी, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, “नारियल बच गये.”

दुसऱ्या दिवशी दिलीप आला. शेठचा हा थोरला मुलगा, पस्तिशीचा, शांत. आरडाओरडा करणारा असता तर बरं झालं असतं.

“बाळारामभाऊ, तुम्ही पप्पांची गाडी सरळ केली की वाकडी?” गाडीची चावी त्याच्याच हातात होती. “मी भांडायला नाही आलो. रविवारपासून ड्रायव्हर येतोय. पप्पांचं ड्रायव्हिंग बंद.”

“रविवारपर्यंत वेळ दे,” मी म्हणालो. “गाडी सरळ थांबवून दाखवतो. तुझ्यासमोर.”

“नाही थांबली तर?”

“तर ड्रायव्हरला मी स्वतः चावी देईन, आणि तुझ्या वडलांसमोर कान धरेन.”

त्याने चावी टेबलावर ठेवली. तो गेला आणि मला घाम फुटला. कारण गाडी उजवीकडे का ओढली, हे मला माहीत नव्हतं! ब्रेक तपासले, ठीक. चाकांची दिशा तपासली, ठीक. दोन दिवस मी त्या जपानी कागदाकडे बघत बसलो, जणू रागाने बघितलं तर तो मराठीत बोलेल.

उत्तर घरी सापडलं. खरवईच्या घरी ओट्यावर वडील बाजेवर बसायचे. ओटा एका बाजूला उतरता, म्हणून आईने बाजेच्या एका पायाखाली विटेचा तुकडा घातला होता. बाज सरळ दिसायची. पण बसलं की डगडग. मी त्या रात्री तिथे बसून डगडग करत राहिलो, वडील वैतागले. “काय पोरासारखा झुलतंस? वीट घातली म्हंजे एका कोपऱ्यानं सगला भार घेतला, त्याचे समोरचा कोपरा घेतो, बाकी दोन अधांतरी. याच्यात काय बगायचं?”

मी ताडकन उठलो. शेठच्या गाडीत मी वीटच तर घातली होती! एकाच कोपऱ्यात. पुढचं उजवं चाक आणि मागचं डावं चाक सगळा भार घेऊन बसली होती, उरलेली दोन हलकी. ब्रेक दाबला की हलकं चाक घसरणार, जड चाक रस्ता पकडणार, आणि गाडी जड चाकाकडे ओढणार. आणि दुसरी गोष्टही तिथेच कळली. वीट घातली तर बाज उंच होते, तिचं सुंभ कडक होत नाही. रिंग फिरवून स्प्रिंगही कडक होत नाही, फक्त तिची बैठक वर येते. कडकपणा स्प्रिंगच्या तारेच्या जाडीत असतो. आणि ते टिक टिक करणारं बटण स्प्रिंगचं नव्हे, तेलाच्या भोकांचं. मी तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावला होता, टाइट.

आता प्रश्न असा, की कुठल्या चाकावर किती भार आहे हे कळणार कसं? नजरेने ते दिसत नाही. चाकं तोलायला हवीत. आमच्याकडे चाकं तोलायचे काटे कुठले? पण उल्हासनगरात काट्यांना काय तोटा! प्रत्येक दुकानात लोखंडी फळीचा वजनकाटा, तीनशे किलो झेलणारा. चार काटे मिळाले की चार चाकांखाली चार. मी शेठना सांगितलं. ते गंभीर झाले.

“काटा कोणी देणार नाही, साईं. दिवाळीला आम्ही त्याची पूजा करतो. काटा दुकानाबाहेर गेला की लक्ष्मी पण बाहेर गेली.”

“मग?”

“मग काट्याबरोबर मालकाला पण बोलवू. काटा मालकाच्या नजरेसमोर राहिला तर चालतं.”

आणि खरोखर, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी शेठच्या गोदामात चार व्यापारी आपापला काटा हातगाडीवर घालून हजर. एक भंगारवाले, एक किराणावाले, एक लोखंडाच्या सळ्या विकणारे, एक गूळवाले. प्रत्येकाचं म्हणणं, आपला काटा सबंध कॅम्पात सर्वांत खरा. गोदामाची फरशी मी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासून घेतली. मग म्हटलं, आधी चारही काटे एकमेकांशी जुळतात का बघू. एकच वजन चारही काट्यांवर ठेवायला हवं, आणि तिथे सर्वांत मोठं वजन म्हणजे शेठच.

शेठनी आयुष्यात चारचौघांत काट्यावर पाय ठेवला नव्हता. चेहरा पडला त्यांचा. पण रविवार डोळ्यांसमोर होता. चढले. गूळवाल्यांच्या काट्यावर एकशे सव्वीस. किराणावाल्यांच्या काट्यावर एकशे सत्तावीस. सळ्यावाल्यांच्या एकशे चोवीस. आणि भंगारवाल्यांच्या काट्यावर एकशे अठरा!

 माल विकणाऱ्यांचे काटे जास्त दाखवत होते आणि माल विकत घेणाऱ्याचा कमी. चौघेही छताकडे बघायला लागले. किराणावाले पुटपुटले, “आज हवा में नमी है.” मी पोटात हसू दाबून मरायला टेकलो होतो, पण तोंडाने म्हणालो, “काटा खरा की खोटा याच्याशी आपल्याला काम नाही. चारही चाकांना एकच काटा लावू. खोटा असला तरी चौघांना सारखाच खोटा. बाकी तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे.”

“कुठला काटा?” चौघांनी एकदम विचारलं.

शेठ म्हणाले, “भंगारवाला. माझं वजन तोच कमी सांगतो.”

मग काम सुरू झालं. गाडी ठोकळ्यांवर, एका चाकाखाली काटा, आत शेठ. एक चाक तोलायचं, जॅक लावून गाडी उचलायची, काटा दुसऱ्या चाकाखाली सरकवायचा, ठोकळा इकडे. चारही आकडे लिहून झाले आणि मी कोपऱ्या-कोपऱ्याची बेरीज मांडली, पुढचं उजवं अधिक मागचं डावं, पुढचं डावं अधिक मागचं उजवं. दोन बेरजांत ऐंशी किलोचा फरक! ऐंशी! म्हणजे मी एक अख्खा माणूस चुकीच्या कोपऱ्यात बसवला होता. आकडा बघून शरम वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय सांगू. आजार सापडला होता.

तेवढ्यात मोहिनीभाभी डबा घेऊन आल्या. दाल-पकवान. डब्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीत शेठ एकटे कधी असतात? डावीकडे भाभी असतातच! त्यांना बाहेर ठेवून लावलेली गाडी रविवारी पुन्हा खोटीच ठरणार. मी म्हणालो, “भाभी, तुम्हालाही बसावं लागेल.”

“मैं? तराजू पे?” भाभी दोन पावलं मागे सरकल्या. “इन सबके सामने?”

“मी आकडा मोठ्याने वाचणार नाही.”

“ये सब व्यापारी हैं, भाई. घटाना इनको आता है.”

खरंच होतं. आधीचे आकडे सगळ्यांनी ऐकले होते. नवीन आकड्यांतून जुने वजा केले की भाभींचं वजन हाती. शेवटी भाभींनीच तोडगा काढला. चौघे व्यापारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि तोलणं होईपर्यंत तसेच राहिले. भंगारवाल्यांनी आपल्या काट्याकडे पाठ केली, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

पुढचे चार तास मी गाडीखाली होतो. पुढच्या उजव्याची रिंग खाली उतरवली, मागच्या उजव्याची वर चढवली, पुढच्या डाव्याची किंचित खाली. दर वेळी गाडी हलवून स्प्रिंगा बसू द्यायच्या, परत चारही चाकं तोलायची. ऐंशीचे पन्नास झाले, पन्नासचे तीस. तिथे अडकलो. अर्धा वेढा इकडे दिला की तिकडे दहा किलो सरकायचे. पाठीला फरशी लागत होती, डोळ्यांत गंज पडत होता, आणि मी खुशीत होतो. तीसचे अकरा, अकराचे चार.

त्या सगळ्या वेळात ती दोघं वर गाडीत बसून होती. गाडी जागची हलत नव्हती. काचा वर होत्या, कारण भाभींना व्यापाऱ्यांनी ऐकलेलं नको होतं. पण मी खाली होतो, आणि गाडीचा पत्रा पातळ. शेठ काहीतरी सांगायचे, भाभी छोटं उत्तर द्यायच्या, मग दोघं हसायची. सिंधी मला बाजारापुरती कळते, घरची कळत नाही, म्हणून मी निर्धास्त ऐकलं. चार तासांत एकदाही ती गप्प झाली नाहीत. पान्याने रिंग फिरवता फिरवता माझ्या मनात येत होतं, की मी माझ्या बायकोशी सलग चार तास कधी बोललो होतो? ठोकळा काढायला हात पुढे केला आणि तो विचार तिथेच राहिला. तो नीट करायचा राहूनच गेला, हे आज लिहिताना टोचतं.

शेवटी बटणं फिरवली. आठव्या टिकेवरून पुढे तिसरीवर आणली, मागे दुसरीवर. मऊ. फरक तीन किलोवर आला तेव्हा मी गाडीखालून बाहेर आलो. गाडी अजूनही अर्ध्या बोटाने उजवीकडे कललेली होती.

“शेठ, एवढं राहणार. एवढंही घालवायला गेलो तर पुन्हा ब्रेक बिघडेल.”

“राहू दे,” शेठ म्हणाले. “मी पण तेवढा कलतोच.”

रविवारी दुपारी अंबरनाथ सोडून बदलापूरच्या अंगाला एक मोकळा, सरळ पट्टा आहे, तिथे मी आणि दिलीप स्कूटरवरून आधीच जाऊन उभे राहिलो. रस्त्यावर मी चुन्याची लांब रेघ मारली. ठरलं असं, की शेठनी चाळीसच्या वेगाने यायचं, उजवं चाक रेघेवर ठेवायचं, मी रुमाल हलवला की जोरात ब्रेक. हात स्टिअरिंगवर नुसते टेकवायचे, धरायचं नाही. दिलीपने दोन्ही बाजूंचा रस्ता बघून घेतला. कोणी नव्हतं.

गाडी दिसली. माझ्या छातीत असा ठोका पडत होता की रुमाल हातात आहे की नाही तेही कळेना. जवळ आली, आणखी जवळ आली. हलवला!

टायर किंचाळले. गाडीचं नाक खाली गेलं आणि ती थांबली. रेघेवर. दिलीप पळत मागे गेला, वाकून रस्ता बघायला लागला. दोन काळ्या रेघा, पट्टीने मारल्यासारख्या सरळ, आणि मधे कुठेही बाक नाही! मी रस्त्यातच नाचलो. वयाच्या चाळिशीत, मुलाबाळांचा बाप, भर रस्त्यात नाचलो. आतून शेठ दोन्ही हात वर करून दाखवत होते, बघा, धरलं नव्हतं! भाभी पदराने डोळे पुसत हसत होत्या.

आम्हाला वाटलं आता ते गाडी वळवून परत येतील. शेठनी गिअर टाकला, हात हलवला, आणि गाडी सरळ बदलापूरच्या दिशेने निघून गेली. वांगणीला.

“गेले!” दिलीप म्हणाला. तोही हसत होता. स्कूटरला टेकून त्याने मला पाणी दिलं आणि खुशीत म्हणाला, “मान गये, बाळारामभाऊ. आता टेन्शन नाही. पुढच्या रविवारपासून मागच्या सीटवर पोरांना बसवून देतो, आणि माझ्या बहिणीला. तेवढीच त्यांना पण हवा.”

म्हणजे शेठ-भाभींचं बोलणं पुन्हा बंद! बिचारा चांगल्या मनाने बोलत होता. मी हात पुसत पुसत वेळ काढला. तीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाला कामाबद्दल कधी खोटं सांगितलं नाही, आणि सांगितलं ते एवढंच.

“तसं नको करू,” मी म्हणालो. “बघितलंस ना, किती तास तोलत होतो? ही गाडी त्या दोघांच्या वजनावर लावलीय. मागे तिसरं माणूस बसलं की सगळं सेटिंग जातं.”

“छोटं पोर पण?”

“छोटं पोर पण.”

“ब्रेक ओढेल?”

“ओढू शकतो,” मी म्हणालो, आणि दूर रस्त्याकडे बघत राहिलो. मागे दोन पोरं बसली तर त्या गाडीला काडीचाही फरक पडला नसता. उलट थोडी जास्त मऊ चालली असती.

दिलीपने मान डोलावली. घरी जाऊन त्याने ते सगळ्यांना सांगितलं, आणि चौदा माणसांच्या त्या घरात तो कायदाच झाला. पुढे कितीतरी वर्षं ती गाडी दर रविवारी माझ्या गल्लीच्या तोंडावरून जायची, अर्धं बोट उजवीकडे कललेली, मागची सीट रिकामी.

मधे एकदा शेठ तेल बदलायला आले. काम झाल्यावर उठले नाहीत. शेडचं दार अर्धं ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, “मिस्त्री, सच बोल. मागे कोणी बसलं तर खरंच बिघडते गाडी?”

त्यांच्यापुढे खोटं निघेना. “नाही, शेठ.”

 शेठनी माझा काळा, तेलकट हात दोन्ही हातांत धरला.

“किसी को बोलना मत. बायकोला तर अजिबात नाही. ती फार सीधी आहे, नातवंडांना नाही म्हणू शकणार नाही.”

मी मान हलवली. महिन्यापूर्वी भाभी एकट्याच रिक्षाने येऊन हेच विचारून गेल्या होत्या, आणि शेठबद्दल हेच बजावून गेल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.